दाराची कडी कोणाच्या हातात?

महिन्यातून चार-पाच तरी फोन येतात. "अगं, तू त्या वृद्धाश्रमांमध्ये जातेस ना, एखादं चांगलं ठिकाण सुचव की!" विचारणारी कुणाची लेक असते, कुणाची सून, क्वचित मुलगा. (मुलगे बहुधा बायकोला विचारायला लावतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) प्रश्न ठरलेले असतात. डिपॉझिट किती, महिन्याला किती, जेवण घरगुती असतं का, रात्री मावशी असतात का, डॉक्टर कधी येतात, आपल्या घरापासून किती लांब. सगळे रास्त प्रश्न. मीही माझ्यापरीने उत्तरं देते. पण गेल्या पंधरा वर्षांत एकीनेही असं विचारलेलं नाही, की आईला वाटलं तर ती दाराबाहेर पडू शकेल का? तिचा मोबाइल तिच्या उशाशी राहील का? आणि तिथलं काही खटकलं, तर ती ते सांगेल कुणाला?

आपल्याला हे प्रश्न सुचत नाहीत, कारण त्या क्षणी आपण अपराधीपणाने वाकलेल्या असतो. कधी एकदा जागा मिळते, आई नीट मार्गी लागते आणि लोकांची तोंडं बंद होतात असं झालेलं असतं. शिवाय आपली भाषाच बघा ना. मुलगा हॉस्टेलवर 'राहतो', मुलगी पीजीमध्ये 'राहते', पण आईला वृद्धाश्रमात 'ठेवतात'. दागिने लॉकरमध्ये ठेवतात तसं. आणि ठेवलेल्या वस्तूला कसले आले हक्क! तिची फक्त काळजी घ्यायची असते. काळजी आणि हक्क या दोन गोष्टींत जो फरक आहे, त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

आधी एक स्पष्ट करते. 'वृद्धाश्रम' म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांसमोर झाडं, कट्टा, संध्याकाळची प्रार्थना आणि पेपर वाचणारे आजोबा येतात. तशा संस्था महाराष्ट्रात आहेत आणि जुन्या आहेत. पुण्याच्या नव्या पेठेतल्या 'निवारा'ची मुळं तर एकोणिसाव्या शतकातल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीत आहेत. १९९५ नंतर युती सरकारच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत 'मातोश्री' वृद्धाश्रम निघाले. पण अशा ठिकाणी प्रवेशाची मुख्य अट असते, की माणूस हिंडता-फिरता हवा, स्वतःचं स्वतः करणारा हवा. पक्षाघात झालेले, कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंशाने मुलांची नावं विसरलेले यांनी जायचं कुठे? त्यांच्यासाठी गेल्या वीस वर्षांत शहरांच्या कडेकडेने 'केअर सेंटर' उभी राहिली. बंगला किंवा दोन रो-हाउस भाड्याने घेतलेली, पंधरा-वीस खाटा, दिवसा तीन मावशी, रात्री एक. महिन्याचे पंचवीस हजार, पस्तीस हजार, शिवाय डायपर आणि औषधं वेगळी. आपल्यापैकी अनेकींच्या घरातलं कुणी ना कुणी आज अशा ठिकाणी आहे. आपल्यापैकी अनेकींचा नंबरही तिथेच लागणार आहे, कारण बायका जास्त जगतात आणि नवऱ्याचं शेवटचं दुखणं काढल्यावर स्वतःचं काढायला कुणी उरत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं सुमारे साडेदहा कोटी होती, त्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. ती आता कितीतरी वाढलेली आहे.

या केअर सेंटरमध्ये प्रवेश घेताना एक करारनामा होतो. मी असे बरेच करारनामे वाचले आहेत. स्टॅम्पपेपरवर टाइप केलेले, बहुतेक एकमेकांचे बघून केलेले. पहिला पक्ष संस्था, दुसरा पक्ष मुलगा. पैसे कधी भरायचे, उशीर झाला तर किती दंड, पडझड होऊन हाड मोडलं तर संस्था जबाबदार नाही, रुग्ण दगावल्यास संस्था जबाबदार नाही, नातेवाइकांनी फक्त रविवारी चार ते सहा भेटावं. खाली दोन सह्या. जिला तिथे उरलेलं आयुष्य काढायचं आहे, तिची सही कुठेच नाही! अहो, भाडेकरूची सही असते, लॉजमध्ये एक रात्र राहायला गेलो तरी रजिस्टरवर आपली सही घेतात. इथे शुद्धीवर असलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या, पेन्शन घेणाऱ्या बाईलासुद्धा 'रुग्ण' म्हणून तिसऱ्या ओळीत नमूद केलेलं असतं. ती कराराचा पक्ष नाही, कराराचा विषय आहे.

याचा परिणाम काय होतो? एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही अशा बेताने. एका आजींच्या घरावरून भावाबहिणीत वाद झाला. केअर सेंटरचे पैसे भाऊ भरत होता. त्याने सेंटरच्या मॅडमना फोन करून सांगितलं, "बहिणीला आत सोडू नका." मॅडमनी सोडलं नाही. बहीण एसटीने चार तास प्रवास करून यायची, सोबत डबा आणायची, गेटवर उभी राहायची. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "करार त्यांच्याशी आहे. उद्या त्यांनी आईला हलवलं तर माझी खाट रिकामी राहील." आजींना मात्र कुणी विचारलंच नाही, तुम्हाला मुलीला भेटायचंय का म्हणून. त्यांचं डोकं शाबूत होतं. त्यांना फक्त चालता येत नव्हतं. सहा महिन्यांनी पोलीस ठाण्यातल्या एका समजूतदार बाईंनी मध्यस्थी केली तेव्हा भेट झाली.

दुसरी गोष्ट केसांची. अशा सेंटरच्या बायकांच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिल्यांदा काय जाणवत असेल, तर सगळ्यांचे केस सारखे कापलेले असतात. मशीन फिरवून, मानेपर्यंतही नाहीत. विचारलं की कारणं तयार असतात. उवा होतात, धुवायला वेळ लागतो, वाळत नाहीत, सर्दी होते, मावशी कमी आहेत. यातली कारणं खोटी नाहीत. मी स्वतः सासूबाईंचे केस दोन वर्षं धुतले आहेत, खाटेवर झोपलेल्या माणसाचे केस धुणं म्हणजे काय दिव्य असतं ते मला ठाऊक आहे. पण ज्या बाईने सत्तर वर्षं अंबाडा घातला, सणाला गजरा माळला, तिला न विचारता, आली त्या आठवड्यात तिचे केस उतरवायचे? विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने संप केला, हे आपण शाळेच्या भाषणांतून ऐकत आलो. ती रूढी होती, ही सोय आहे, हा फरक मला मान्य आहे. ज्या डोक्यावरून मशीन फिरतं त्याला तो कितपत जाणवत असेल, ते ठाऊक नाही.

आता कायद्याकडे येऊ. मी काही वकील नाही, साधी बी.ए. झालेली बाई आहे. पण कामाच्या निमित्ताने कायदे वाचावे लागले, आणि वाचताना एका ठिकाणी अक्षरशः थबकले.

'मानसिक आरोग्य देखभाल कायदा' २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू झाला. त्याचं विसावं कलम मनोरुग्णालयात राहणाऱ्या माणसाचे हक्क सांगतं. स्वच्छ आणि सुरक्षित जागा. खासगीपणा. अंग उघडं पडणार नाही असे कपडे. हवे असल्यास स्वतःचे कपडे, संस्थेचा गणवेश घालण्याची सक्ती नाही. बायकांच्या पाळीच्या काळातल्या गरजांची सोय. सक्तीने काम करून घ्यायचं नाही, काम केलं तर मोबदला द्यायचा. आणि सक्तीने डोक्याचे केस काढायचे नाहीत! हे चक्क कायद्यात लिहिलेलं आहे. पुढे सव्विसाव्या कलमात म्हटलंय, की भेटायला आलेल्या माणसाला भेटायचं की नाही हे त्या व्यक्तीने ठरवायचं, फोन घेण्याचा आणि करण्याचाही तिला हक्क आहे. साखळीने बांधायला पूर्ण बंदी. हातपाय बांधून ठेवायचे तर दुसरा कुठलाच उपाय उरलेला नसेल आणि जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हाच, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. आणि माणसं कमी आहेत एवढ्याच कारणासाठी तर मुळीच नाही.

म्हणजे बघा, ठाण्याच्या, येरवड्याच्या, नागपूरच्या किंवा रत्नागिरीच्या सरकारी मनोरुग्णालयात जी बाई आहे, तिला निदान कागदावर हे सगळे हक्क आहेत. (प्रत्यक्षात तिथे काय चालतं हा वेगळा विषय. बऱ्या झालेल्या माणसांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहात नाहीतर वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली महाराष्ट्र सरकारला बजवावं लागलं होतं.) आणि महिना तीस हजार रुपये मोजून केअर सेंटरमध्ये राहणाऱ्या, डोकं शाबूत असलेल्या आजींसाठी? त्यांच्यासाठी अशी एकही यादी कुठल्या कायद्यात नाही. वेड लागलं असं सिद्ध झालं तर केस वाचतील, शहाणी राहिली तर कापले जातील, असा हा उलटा न्याय.

"पण २००७ चा कायदा आहे ना?" असं कुणी विचारेल. आहे. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा'. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे आणि चांगला कायदा आहे. साठीच्या पुढच्या माणसाला स्वतःचा खर्च झेपत नसेल, तर तो प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मागू शकतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. आई-वडिलांना वाऱ्यावर सोडून देणं हा तीन महिन्यांच्या कैदेचा गुन्हा आहे. पण हा सगळा कायदा मुलगा आणि आई-बाप यांच्यामधला आहे. संस्थेच्या भिंतीच्या आत काय घडतं, त्याकडे तो जवळजवळ बघतच नाही. एकोणिसावं कलम सांगतं, की सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे गरजू वृद्ध राहू शकतील असा वृद्धाश्रम उभारावा. त्यातही शब्द आहे 'उभारू शकेल'. बंधन नाही. माजी कायदामंत्री अश्विनी कुमार यांनी याच प्रश्नांवर जनहित याचिका केली, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं, की आधी राज्याराज्यांकडून जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती तर गोळा करा. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं!

२०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात नेमकी हीच उणीव भरून काढायचा प्रयत्न होता. वृद्धांची सगळी निवासगृहं, मग ती सरकारी असोत की खासगी, नोंदवलेली हवीत. अन्न, जागा, वैद्यकीय सोयी यांचे किमान निकष केंद्राने ठरवावेत. घरी येऊन सेवा देणाऱ्या ब्युरोंचीही नोंदणी व्हावी. सून आणि जावई यांनाही जबाबदार धरण्याची तरतूद त्यात होती, आणि वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती बहुतेक तेवढ्याच मुद्द्याची. सुनेला पोटगी भरायला लावणार म्हणून आपणही तावातावाने बोललो. निवासगृहांच्या नोंदणीबद्दल कोण बोललं? विधेयक स्थायी समितीकडे गेलं, अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं ते विधेयकही विरून गेलं.

याच्या उलट एक गंमत सांगते. ज्येष्ठांसाठी म्हणून फ्लॅट बांधून विकणाऱ्या बिल्डरांना मात्र महारेराने २०२४ मध्ये नियम घालून दिले. दरवाजे किती रुंद असावेत, लिफ्ट कशी असावी, बाथरूममध्ये धरायला दांडे, घसरणार नाही अशी फरशी. फार चांगलं झालं. पण हे नियम विकत घ्यायच्या घरांसाठी आहेत, खाटेवर राहणाऱ्यांसाठी नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे कोटभर रुपये आहेत त्याच्या दाराची रुंदी सरकारने मोजली. खाटेवरच्या आजींचं दार बाहेरून लावायचं की आतून, हे मात्र अजून कुणी ठरवलेलं नाही.

दाराच्या कडीवर मला जरा थांबायचंय, कारण ते वाटतं तितकं सोपं नाही. स्मृतिभ्रंश झालेला माणूस बाहेर पडला की परत येत नाही. आमच्या भागातल्या एका सेंटरमधून एक आजोबा पहाटे निघून गेले, आठ किलोमीटरवर हायवेच्या कडेला सापडले. तेव्हापासून तिथे गेटला कुलूप आहे, आणि ते चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. पण कुलूप लागलं ते सगळ्यांसाठी! ज्यांना आठवण चांगली आहे, ज्या कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत काठी टेकत रोज जायच्या, त्याही आत. सुरक्षेचं कारण एकाचं, बंदी सतरा जणांवर. असंच २०२० च्या मार्चमध्ये झालं. करोनामुळे भेटी बंद झाल्या, त्या व्हायलाच हव्या होत्या. पण मी जाते त्यातल्या एका ठिकाणी भेटीची वेळ तेव्हा जी आठवड्याला एक तास झाली, ती अजून तशीच आहे. का, तर "आता सवय झालीय सगळ्यांना."

उलट दुसऱ्या एका ठिकाणी, जे काही फार श्रीमंती नाही, बाईंनी दाराला साधी घंटी बांधली आहे. दार उघडलं की वाजते. विसरभोळ्या तिघींच्या मनगटावर सेंटरचा फोन नंबर लिहिलेला कापडी पट्टा असतो, आणि संध्याकाळी एक मावशी त्यांना घेऊन गल्लीत चक्कर मारून आणते. बाकीच्यांनी वहीत लिहून बाहेर पडायचं. खर्च किती आला? घंटी आणि वही. पण त्या बाईंनाही विचारलं तर त्या म्हणतात, "ताई, उद्या काही झालं तर मलाच धरतील. नियम लिहून दिले असते तर मला बळ आलं असतं." हे त्यांचं म्हणणं मला फार पटतं. नियम नसल्यामुळे चांगलं चालवणाऱ्यालाच धास्ती वाटते. वाईट चालवणारा मात्र निवांत असतो. करारात 'संस्था जबाबदार नाही' लिहिलं की त्याचं काम झालं.

आणि मावशींचं काय? रात्रपाळीला एकटी बाई पंधरा जणांचे डायपर बदलते, कूस वळवते, कुणी ओरडतं, कुणी चावतं. बारा तासांची ड्युटी, हातात पडतात ते पैसे सांगायला नकोत. त्यातली एखादी चिडून हात उगारते तेव्हा सगळे तिच्यावर तुटून पडतात, तिला काढून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरी येते. किती माणसांमागे किती मावशी, हा आकडा जोवर कुठे लिहिलेला नाही तोवर आजींचे हक्क मावशींच्याच पाठीवर बसणार. आपल्याकडच्या अनेक मुलामुलींनी अमेरिकेतली नर्सिंग होम पाहिलेली असतात. तिथे १९८७ च्या केंद्रीय कायद्याने तिथल्या रहिवाशांचे हक्क मांडले. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवायचं नाही, त्यासाठी औषधं देऊन गुंगवायचं नाही. बाहेर काढायचं तर साधारणपणे तीस दिवस आधी लेखी कळवायचं. तक्रार ऐकायला बाहेरचा माणूस नेमलेला. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, करोनात तिथल्या नर्सिंग होममध्ये किती माणसं गेली ते जगाने पाहिलं. पण न्यू जर्सीत राहणारा मुलगा तिथल्या शेजारणीचे हक्क जाणतो आणि पुण्यातल्या आईच्या करारावर न वाचता सही करतो, तेव्हा नवल वाटतं.

मग आज, या घटकेला, आपल्या हातात काही आहे का? आहे, आणि ते वाटतं त्याहून बरंच आहे.

तो २०१७ चा कायदा पुन्हा काढा. त्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात स्मृती आणि भान यांचे गंभीर बिघाडही येतात. आणि 'मानसिक आरोग्य आस्थापना' म्हणजे फक्त हॉस्पिटल नव्हे, तर अशा माणसांना काळजीसाठी ठेवलं जातं ती जागा. कुटुंबाचं राहतं घर तेवढं वगळलेलं आहे. मला तर यातून सरळ असं दिसतं, की स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ठेवणाऱ्या केअर सेंटरने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायला हवी आणि विसाव्या कलमातले सगळे हक्क तिथल्या आजींना लागू व्हायला हवेत. एक-दोन वकील मैत्रिणींशी बोलले, त्यांनाही वाचन चुकीचं वाटलं नाही. 'तुमची या कायद्याखाली नोंदणी आहे का?' एवढा एक प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारून बघा. समोरच्या चेहऱ्यावरून बरंच कळेल.

शिवाय पैसे देऊन घेतलेली सेवा म्हटल्यावर ग्राहक संरक्षण कायदा आहेच. डिपॉझिट बुडवलं, कबूल केलेल्या सेवा दिल्या नाहीत, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वकील हवाच असं नाही. आणि वकील हवा असेल तर बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट शिकलेल्या बायकांनाही माहीत नसते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदत क्रमांक आहे. तो आजींच्या मोबाइलमध्ये टाकून द्या, आणि मोबाइल आजींकडेच राहील असं करारात लिहून घ्या.

करार सही करण्याआधी घरी आणा. आईला वाचून दाखवा. शुद्धीत असेल तर तिचीही सही घ्या, संस्थेने कां-कूं केली तरी. भेटायला कोण येऊ शकेल हे तिने सांगावं, पैसे भरणाऱ्याने नाही. केस, कपडे, देवाचा फोटो, स्वतःचा डबा, उपासाचे दिवस हे बारीकसारीक वाटतं, पण माणूस यांतच असतो. पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाकडे राहणार तेही लिहा. आणखी एक विचारा, जे कुणीच विचारत नाही, ते म्हणजे मतदानाचं. २०२४ च्या निवडणुकांत पंचाऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरून मत देण्याची सोय होती, त्यासाठी बारा-ड नंबरचा अर्ज भरून द्यायचा होता. मी जाते त्या पाच ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी कुणी तो अर्ज आणला होता. एका आजींनी मला विचारलं, "माझं नाव अजून आहे का गं यादीत?" होतं. जुन्या घराच्या पत्त्यावर.

भेटीला जाल तेव्हा ठरलेल्या वेळीच जाऊ नका. कधी सकाळी सहाला, कधी जेवणाच्या वेळी. आणि फक्त आपल्याच आईच्या खाटेशी बसू नका. शेजारच्या खाटेवरच्या बाईशीही बोला, तिला भेटायला कदाचित वर्षभर कुणी आलेलं नसेल. जिथे बाहेरची माणसं सारखी येत-जात असतात, तिथे आतली वागणूक आपोआप सुधारते, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या भिशीच्या गटाने गेल्या महिन्यात एक उद्योग केला. त्याच २०१७ च्या कायद्यात चौदावं कलम आहे. आपलं भान हरपलं तर उपचारांबाबत आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्याचं नाव कुणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आधीच लिहून ठेवू शकतो. त्याला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' म्हणतात. कसे उपचार हवेत, कसे नकोत, हेही लिहून ठेवण्याची सोय पाचव्या कलमात आहे, फक्त त्याचे नियम जरा जास्त आहेत. हे मानसिक आजारापुरतंच चालतं, बँकेच्या किंवा घराच्या व्यवहाराला नाही, हे ध्यानात ठेवा. तर आम्ही अकरा जणी वरण-भात-लाडूचं जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो. सुरुवातीला हसणं-खिदळणं चाललं होतं. मग कुणाचं नाव लिहायचं यावर एकेक गप्प होत गेली. तिघींनी मुलीचं लिहिलं, दोघींनी मुलाचं, एकीने सुनेचं लिहून सगळ्यांना चकित केलं. एकीचा कागद त्या दिवशी कोराच राहिला, तिने घरी नेला. आणि एकीने नवऱ्याऐवजी धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं, तर तिचे अहो दोन दिवस फुगून बसले होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मलाही एक कागद दे."